ग्राम्य आणि अप्रतीत : बीड जिल्ह्यातील बोलव्यवहाराच्या निमित्ताने

(१)

काही दिवसांपूर्वी एका पदव्युत्तर प्रबंधिकेचे परीक्षण करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातील. विषय ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या नित्याच्या बोलण्यातील शब्दांचा. प्रबंधिकेसोबत तिने आपली टाचणवहीही आणली होती. वहीत एका स्त्रीचे वाक्य कानांवर पडले तसे उतरून घेतलेले होते : “औंदा मी अर्धाच कोयता हाये.” प्रबंधिकेत मात्र तेच वाक्य “यंदा मी एकटी तोडणी कामगार म्हणून काम करीत आहे” असे वेष पालटून आलेले दिसले. हा फेरफार कशासाठी, असे विचारता विद्यार्थिनीने संकोचाने उत्तर दिले, “सर, मूळचं ते ग्राम्य दिसतं.”

या उत्तरात दोष विद्यार्थिनीचा नाही. तो शेरा तिने आपणांकडूनच उचललेला आहे. शाळेत पहिल्या इयत्तेपासून आणि विद्यापीठात अखेरच्या वर्षापर्यंत तिच्या वह्यांवर तो तांबड्या शाईने उमटत आला आहे. परंतु त्या एका शेऱ्याने त्या वाक्यातून काय काय काढून टाकले, ते पाहणे उद्‌बोधक ठरेल. ऊसतोडणीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे; नवरा-बायकोची जोडी हा एक कोयता. उचल त्या जोडीवर दिली जाते, कामाची मोजणीही त्या जोडीचीच होते. ज्या स्त्रीचा नवरा वारला, परागंदा झाला वा आजाराने घरी राहिला, ती फडात ‘अर्धा कोयता’ म्हणून उभी राहते. तिची मजुरी, तिचे टोळीतील स्थान, तिच्या संसाराची मोडलेली घडी हे सारे त्या ‘अर्धा’ या एका विशेषणात सामावलेले आहे. आणि ‘अर्धाच’ यातील ‘च’ने त्या वस्तुस्थितीवर जे भाष्य केले आहे ते तर कोणत्याही शुद्ध वाक्यात उतरणे कठीण. प्रबंधिकेतील वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु जे सांगावयाचे होते ते त्यात उरलेले नाही.

‘ग्राम्य’ हा शेरा नेमका कशावर मारला जातो, तो मारणाऱ्यास काय अभिप्रेत असते आणि भाषेच्या अभ्यासकाने तो स्वीकारावा काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(२)

‘ग्राम्य’ ही संज्ञा आपण साहित्यशास्त्राकडून घेतली. परंतु घेताना ती अर्धीच घेतली, असे म्हणावे लागते. वामनाने पददोषांची गणना करताना ‘ग्राम्य’ आणि ‘अप्रतीत’ हे दोन दोष एकमेकांच्या शेजारी ठेवले आहेत. जे पद केवळ लोकांत वापरले जाते, शास्त्रात नाही, ते ग्राम्य. आणि जे पद केवळ शास्त्रात वापरले जाते, लोकांत नाही, ते अप्रतीत. पुढे मम्मटानेही ही दोन्ही नावे कायम राखली. या मांडणीतील समतोल ध्यानात घेण्याजोगा आहे. पद लोकांपुरतेच राहिले तर तो एक दोष, शास्त्रापुरतेच राहिले तर तो दुसरा. दोहोंच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : शब्दाने एका मंडळात कोंडून राहू नये.

मराठी अध्यापनाच्या परंपरेने यांतील पहिला दोष जिवापाड जपला व दुसरा विसरून गेली. विद्यार्थ्याने ‘लई’ लिहिले तर गुण कापले जातात. ‘उपरोल्लिखित बाबींच्या अनुषंगाने’ असे लिहिले तर वाढतात. वस्तुतः वामनाच्या कसोटीस लावले असता दुसरा प्रयोगही तितकाच सदोष ठरावा.

साहित्यशास्त्राने आणखी एक विवेक केला होता, तोही आपण गमावला. ‘अश्लील’ हा दोष त्याने ‘ग्राम्या’पासून वेगळा मानला. आपल्या वापरात मात्र ‘ग्राम्य’ या एकाच शेऱ्याखाली निदान तीन भिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. ‘व्हय’, ‘औंदा’, ‘मव्हं’ यांसारखी प्रादेशिक रूपे ही एक. ‘मोळी’, ‘वाढं’, ‘खाडा’ यांसारखे व्यवसायातील शब्द ही दुसरी. आणि ‘च्यायला’पासून पुढे चढत जाणारे शिवराळ उद्‌गार ही तिसरी. पहिल्याचा प्रश्न भूगोलाचा, दुसऱ्याचा ज्ञानाचा व तिसऱ्याचा शिष्टाचाराचा. तिन्हींना एकच औषध देणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू?

कोशकारांचा अनुभव या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. मोल्सवर्थने आपल्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शब्दाचे मूळ संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे दर्शविणारी चिन्हे दिली आणि हलक्या मानल्या गेलेल्या शब्दांपुढे तसा शेराही दिला. परंतु शब्द वगळला नाही. दाते, कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नेही (१९३२–१९३८) वऱ्हाडी, नागपुरी, खानदेशी, राजापुरी अशा प्रांतोप्रांतीच्या शब्दांस उदारपणे आत घेतले. कोशात शब्दाला जागा मिळाली हे खरे. परंतु ‘ग्राम्य’ हे बिरुद गळ्यात बांधूनच. कोणी, कोणापाशी व कोणत्या प्रसंगी तो शब्द उच्चारावयाचा, याची माहिती त्या बिरुदातून मिळत नाही. मिळते ती इतकीच, की कोशकार ज्या वर्गात बसतो त्या वर्गात तो शब्द बसत नाही.

(३)

बीड जिल्हा हे या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीचे क्षेत्र आहे. कारण येथे शब्दांची प्रतिष्ठा एका माणसाच्या आयुष्यात पालटलेली दिसते.

हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानच्या दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. घरात व शिवारात मराठी, कचेरीत उर्दू अशी वाटणी झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग आहे. अवघ्या बारा वर्षांत कचेरीची भाषा पालटली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि राज्यकारभाराची नवी, संस्कृतप्रचुर मराठी खेडोपाडी येऊन पोहोचली.

या स्थित्यंतरात शब्दांचे काय झाले? ‘दरखास्त’, ‘इस्तगासा’, ‘मुचलका’, ‘नक्कल’, ‘पेशकार’ हे शब्द जुन्या पिढीच्या दृष्टीने भारदस्त शब्द होते. ते उच्चारणारा मनुष्य कचेरीचा जाणता समजला जाई. गावात त्याच्या शब्दाला वजन असे. इनामाच्या कागदास ‘मुन्तखब’ म्हणणारा वा ‘मदतमाश’ जमिनीचा इतिहास सांगणारा वृद्ध हा त्या काळचा शिष्ट होय. त्याच वृद्धाचा नातू आज ‘अर्ज’ वा ‘निवेदन’ म्हणतो, आणि आजोबांची ‘दरखास्त’ त्याला जुनाट व गावंढळ वाटते. शब्द तोच, उच्चार तोच, अर्थही तोच. पालटली ती केवळ कचेरी. यावरून एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही : ग्राम्यत्व हा शब्दाचा गुणधर्म नव्हे, ज्याच्या तोंडी तो शब्द असतो त्याच्या हातून सत्ता गेल्याची ती खूण होय.

अशी उलथापालथ मराठीस नवी नाही. सतराव्या शतकात शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी संज्ञांच्या जागी संस्कृत संज्ञा आणल्या, तेव्हाही राज्य पालटल्यावर शब्दांची पंगत नव्याने मांडली गेली होती. आणि खुद्द बीड जिल्ह्यातच या वादाची उलट बाजूही नोंदली गेली आहे. अंबाजोगाईचे मुकुंदराज, ज्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानला जातो, त्यांना वेदान्त देशी भाषेत मांडावयाचा होता. म्हणजे त्या काळी जी ग्राम्य तिलाच शास्त्राच्या सभेत बसवावयाचे होते. अंबाजोगाईचेच दासोपंत (१५५१–१६१५) यांनी या बाबतीत काढलेला मुद्दा तर आजच्या भाषाशास्त्रज्ञासही मान्य व्हावा. संस्कृत ‘घट’ म्हणून मोकळे होते. परंतु डेरा, रांजण, घागर, सुगड यांतील कोणता घट हवा हे त्या एका शब्दाने कळत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. कुंभाराच्या व स्वयंपाकघराच्या शब्दांत जो भेद केलेला असतो तो भेद हेही ज्ञानच, असे चारशे वर्षांपूर्वी सांगणारा ग्रंथकार ज्या भूमीत झाला, तेथील विद्यार्थिनीने ‘अर्धा कोयता’ खोडून ‘कामगार’ लिहावे, हा काव्यगत न्याय खासच नव्हे.

(४)

आता प्रचलित बोलव्यवहाराकडे वळू. इंग्रजीत ज्यास स्लँग म्हणतात त्यास मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. प्रस्तुत लेखकास ‘सलगीची भाषा’ हा शब्दप्रयोग सोयीचा वाटतो. कारण त्या बोलण्याचा मुख्य हेतू माहिती देणे हा नसून जवळीक प्रस्थापित करणे, किंवा जवळीक नाही हे दर्शविणे, हा असतो. धंद्यातील परिभाषा व व्यापाऱ्यांच्या नंदभाषेसारख्या गुप्तभाषा यांहून ती निराळी. मात्र तिघींची ये-जा सतत चालू असते.

बीड, परळी, माजलगाव वा गेवराई येथील आठवडी बाजारात तासभर उभे राहिल्यास किमान तीन भाषा कानांवर पडतात. मराठी, दखनी, जिला बोलणारे स्वतः बहुधा उर्दू म्हणतात, आणि तांड्यावरील लमाणी, म्हणजेच गोरमाटी. जनगणनेचे कोष्टक या वास्तवाचे पुरते दर्शन घडवीत नाही. कारण तेथे लमाणी ही हिंदी या सदरात समाविष्ट केली जाते. कोष्टकात जी भाषा हिंदीच्या पोटात नाहीशी होते, ती बाजारात मात्र स्वतंत्रपणे भाव ठरवीत असते.

दखनीने मराठीकडून काय घेतले हे सर्वश्रुत आहे. निषेधाचा ‘नक्को’ हा मराठी ‘नको’च, आणि ‘ऐसाच’, ‘वोच’ यांतील निश्चयवाचक ‘च’ ही तर व्याकरणाच्या गाभ्यातील उसनवारी. उलटपक्षी मराठीने घेतलेले ‘खलास’, ‘बेजार’, ‘हैराण’ हे शब्द आता उसने आहेत हे सांगावे लागते. त्यांच्या भोवती तरुणांच्या बोलण्यात नवी भर इंग्रजीची पडली आहे : ‘फिल्डिंग लावणे’, ‘सेटिंग करणे’, ‘लोड घेणे’, ‘मॅटर होणे’. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे, की नाम परके असले तरी क्रियापद मराठीच राहते. आणि क्रियापदाबरोबर लिंग, वचन, काळ ही सारी व्यवस्थाही मराठीच राहते. ‘त्यानं फिल्डिंग लावली’ यात फिल्डिंग स्त्रीलिंगी झाली, ती क्रिकेटच्या मैदानावर नव्हे, मराठीच्या घरात आल्यावर. ‘काय करायलास?’ हा मराठवाड्यातील चालू वर्तमानाचा प्रयोगही असाच नियमबद्ध आहे. ‘करायला लागला आहेस’ या रचनेचा तो संक्षेप उघड दिसतो. आणि ‘करायलोय, करायलास, करायलाय, करायलेत’ अशी त्याची रूपे एका सूत्रात चालतात. जेथे नियम आहे तेथे भ्रष्टता कोठली?

बहुभाषिक गावाचा विचार करताना जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांच्या कुपवाडविषयक निबंधाचा (१९७१) उल्लेख क्रमप्राप्त होय. सांगली जिल्ह्यातील या गावी मराठी, कन्नड व उर्दू या भाषांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी समान झाली, की एका भाषेतील वाक्य शब्दास शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावे. शब्द मात्र ज्याचे त्याचे निराळे राहिले, कारण ज्ञातीची ओळख शब्दांवर अवलंबून होती. बीडच्या सलगीच्या भाषेस हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि तो का लावता येत नाही यातच तिचे वैशिष्ट्य आहे. घरातले शब्द येथेही सीमा पाळतात. तांड्यावरील ‘याडी’, मोहल्ल्यातील ‘अम्मी’ व वाड्यातील ‘आई’ यांची अदलाबदल होत नाही. परंतु घराच्या उंबऱ्याबाहेर, चहाच्या टपरीवर व एस. टी. स्थानकावर, सीमा ओलांडण्याचे काम आधी शब्दच करतात. शेजारच्या वृद्धास ‘चाचा’ म्हणणारा मराठी मुलगा व अनोळखी प्रवाशास ‘पाव्हणं’ म्हणून हाक मारणारा दखनी बोलणारा दुकानदार, हे दोघे मिळून एक तिसरी जागा निर्माण करतात. ती जागा कोणाच्या घराची नाही, म्हणून सर्वांची आहे. सलगीची भाषा ही त्या जागेची भाषा होय. शाळेने तिला ग्राम्य म्हटले, तर शाळा केवळ शब्दांवर नव्हे, त्या सामाईक जागेवरही काट मारते.

(५)

येथवरचे विवेचन वाचून कोणास असे वाटेल, की लोकांच्या तोंडचे ते सारेच चांगले, असा प्रस्तुत लेखकाचा पक्ष आहे. तसे नाही. शिष्टांच्या भाषेची चिकित्सा करणाराने लोकभाषेची चिकित्सा टाळली, तर ती भक्ती होईल, समीक्षा होणार नाही.

सलगीच्या भाषेत सत्तेचेही व्यवहार चालतात. ‘मुकादम’ हा शब्द घ्या. मूळ अरबी ‘मुकद्दम’ म्हणजे पुढे असणारा. मुसलमानी अमदानीत गावच्या मुख्यास, पाटलास, ही संज्ञा होती. आज तो टोळी जमविणारा, कारखान्याकडून पैसा उचलून मजुरांस देणारा मध्यस्थ झाला आहे. ‘उचल’ हा शब्द तर अधिकच बोलका. ती घेणाऱ्याच्या दृष्टीने उचललेली रक्कम आहे. परंतु हंगामाच्या अखेरीस हिशेब फिटला नाही तर उचलला जातो तो मनुष्यच. ‘कर्ज’ म्हटले असते तर व्याज, मुदत, कागद, साक्षी हे प्रश्न उपस्थित झाले असते. ‘उचल’ म्हटल्याने ते उपस्थितच होत नाहीत. एका दिवसाच्या गैरहजेरीस ‘खाडा’ म्हणतात व त्याबद्दल पैसे कापले जातात. त्या कापण्यास ‘दंड’ म्हटले असते तर तो कोणत्या कायद्याने, असे कोणी विचारले असते. घरगुती शब्द असा व्यवहाराला घरगुतीपणा देतो आणि कायद्याला दाराबाहेर ठेवतो.

हीच गोष्ट ‘दादा’, ‘भाई’ व ‘आका’ या शब्दांच्या प्रवासात दिसते. पहिले दोन नात्याचे, प्रेमाने उच्चारावयाचे. त्यांचे दांडगाईच्या पदव्यांत रूपांतर झाले ते शहरांत व चित्रपटांत. ‘आका’ म्हणजे धनी. तुर्की-मंगोल मुळाचा हा शब्द फारसी-उर्दूमार्गे आला व अदबीचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यानंतर सभांतून व वृत्तपत्रांतून तो पडद्याआडच्या सूत्रधाराचा वाचक म्हणून सर्वतोमुखी झाला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने नोंदवावयाचे ते इतकेच, की ज्या समाजात नाव घेण्याचे भय असते तेथे टोपणशब्द जन्मतो. आणि तो लोकप्रिय झाला की भय कमी झाल्याचा भास होतो, भय मात्र तेथेच राहते.

सर्वांत गंभीर उदाहरण अखेरीस घेतो. बीड जिल्ह्यातील स्त्रिया गर्भाशयास ‘पिशवी’ म्हणतात. ‘गर्भपिशवी’ या समासातील पूर्वपद लज्जेने गळाले व उत्तरपद उरले. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत शासनाने दिलेल्या माहितीनुसार जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेली होती. या प्रश्नाच्या चौकशीसाठी शासनास समिती नेमावी लागली. यामागील कारणे वैद्यकीय, आर्थिक व सामाजिक आहेत. ती एका शब्दाने घडविली असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. तथापि ‘पिशवी’ या रूपकात काय दडले आहे ते पाहावे. पिशवी ही ठेवण्याची वस्तू. आतले बाहेर आले की रिकामी. रिकामी झाली की टाकून देण्याजोगी. ‘दोन लेकरं झाली, आता पिशवी काय कामाची?’ या युक्तिवादात अर्धे काम तर्काने केलेले नाही, रूपकाने केले आहे. शरीराचा अवयव काढला जात आहे, त्याचे परिणाम पुढे आयुष्यभर सोसावयाचे आहेत, ही जाणीव तो शब्द होऊ देत नाही.

आणि याच्या उलट टोकास काय आहे? ‘गर्भाशयोच्छेदन’ यासारखी संज्ञा. शास्त्रशुद्ध, संस्कृत आणि त्या स्त्रीच्या दृष्टीने सर्वथा अप्रतीत. ज्या कागदावर तिने अंगठा उमटवावयाचा त्या कागदावर असला शब्द असेल, तर त्या संमतीस संमती का म्हणावे? वामनाचे दोन्ही दोष येथे एका स्त्रीच्या देहावर येऊन मिळतात. एका बाजूस वस्तुस्थिती झाकणारा सलगीचा शब्द, दुसऱ्या बाजूस वस्तुस्थिती न पोहोचविणारा शास्त्राचा शब्द. मध्ये ती निःशब्द. भाषेच्या अभ्यासकाचे कार्यक्षेत्र हेच होय. त्याने पहिल्यास हसू नये आणि दुसऱ्यास नमू नये.

(६)

आपल्या साहित्याने या प्रश्नास कसे उत्तर दिले, याचाही थोडक्यात परामर्श घेणे युक्त होईल. ग्रामीण कथेत एक संकेत दीर्घकाळ रूढ होता : पात्रांनी बोलीत बोलावे, निवेदकाने प्रमाण मराठीत सांगावे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या श्रेष्ठ कादंबरीत वऱ्हाडी संवादांनी केवढे बळ आणले आहे हे वाचकांस ज्ञात आहेच. परंतु या संकेताने एक अदृश्य रेषाही आखली : बोली ही अनुभवण्याची भाषा, प्रमाण ही विचार करण्याची. ‘कोसला’ने (१९६३) सलगीची भाषा निवेदनातच आणून ती रेषा पुसली, तथापि तेथील सलगी बव्हंशी शिकलेल्या तरुणाची होती. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व मराठवाड्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी पुढचे पाऊल टाकले. ज्या शब्दांना कोशाच्या कडेला उभे राहावे लागत होते, त्या शब्दांतून येथे केवळ दुःख सांगितले गेले नाही, न्यायाचा प्रश्नही विचारला गेला. ‘उचल्या’ हे शीर्षकच पाहा. समाजाने दिलेली शिवी लेखकाने ग्रंथाचे नाव म्हणून स्वीकारली आणि तिची नांगी मोडली. त्याच ‘उचलणे’ धातूपासून आलेली ‘उचल’ मात्र अजून कोणी अशी उलटी करून दाखविलेली नाही.

(७)

या विवेचनातून संशोधकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. पहिली : संकलनात ‘ग्राम्य’ हा शेरा वर्ज्य मानावा व त्याच्या जागी चार प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत. शब्द कोण वापरतो, कोणापाशी वापरतो, कोठे वापरतो आणि कोणासमोर वापरण्याचे टाळतो? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा; कारण सलगीची मर्यादा तेथे कळते. दुसरी : टाचणवहीतील वाक्य प्रबंधात जसेच्या तसे द्यावे, विवरण हवे तर खाली द्यावे, वाक्याच्या जागी नव्हे. तिसरी : ‘डोकी सेंटर’ यासारख्या संमिश्र शब्दांची व्युत्पत्ती देऊन थांबू नये. डोक्यावरून मोळ्या वाहून वाहन भरणारी टोळी ती ‘डोकी सेंटर’. यात मराठी ‘डोके’ व इंग्रजी ‘सेंटर’ एकत्र आले, एवढे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. मनुष्याचे मस्तक हे वाहतुकीचे साधन म्हणून गणले गेले, हे त्या शब्दाचे खरे विवरण होय. चौथी : उत्तरपत्रिका तपासताना आपण स्वतःस विचारावे, की कापलेला गुण चुकीसाठी कापला की गावासाठी. प्रमाण भाषा विद्यार्थ्यास आली पाहिजे याविषयी दुमत नाही. तिच्यावाचून त्यास न्यायालयात, दवाखान्यात व परीक्षेत उभे राहता येणार नाही. परंतु दुसरी भाषा देण्यासाठी पहिली हिरावून घ्यावी लागत नाही, हे ज्या जिल्ह्यात बाजारात बसलेली भाजीवाली रोज तीन भाषांत सिद्ध करून दाखविते, तेथे तरी आपणांस वेगळे सांगावयास नको.

प्रबंधिका विद्यार्थिनीस परत देताना प्रस्तुत लेखकाने एकच दुरुस्ती सुचविली. तिने ती केली. आता त्या पानावर “औंदा मी अर्धाच कोयता हाये” हे वाक्य अवतरणचिन्हांत उभे आहे आणि त्याखाली ‘अर्धा कोयता’ या संज्ञेचे दीड पानांचे विवरण आहे. परीक्षकांच्या दृष्टीने प्रबंधिका दीड पानाने लांबली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती तेथून सुरू झाली.